ओवी सर्वांची, अनुभव कोणाचा?



सप्ताहाच्या मंडपात व्यासपीठचालक ओवी उचलतात आणि समोर बसलेले शंभर-दीडशे वाचक एका सुरात पुढे वाचू लागतात. ग्रंथ एक, ओवी एक, वेळही एकच. शंभर मुखांतून निघणारा शब्दही एकच. पण त्या शंभर जणांच्या आत जे होते, तेही एकच असते का? का प्रत्येकाला होते ते निराळे, पूर्वी कोणाला न झालेले आणि पुढे कोणाला न होणारे? ज्ञानेश्वरी वाचताना मला जे आले ते फक्त माझे, असे मला म्हणता येईल का?

प्रश्न पंडितांच्या सभेतला वाटेल. परंतु आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तो साध्या माणसांकडून येतो. ही वस्ती गावोगावहून आलेल्यांची. कोणी साताऱ्याकडचा, कोणी कोकणातला, कोणी खानदेशातला. कोणी कारखान्यात रात्रपाळी करून आलेला, कोणी सकाळच्या लोकलमध्ये टाळ घेऊन भजन म्हणत मुंबईला जाणारा. प्रत्येकाने आपापल्या गावची वारी आणि आपापल्या दिंडीची चाल बरोबर आणलेली. एकाच पारायणाला ही सगळी मंडळी बसतात, आणि काल्याचा प्रसाद घेऊन निवांत झाली की कोणीतरी विचारतोच, "महाराज, मला या अध्यायात असं असं वाटलं. हे सगळ्यांनाच वाटतं का मलाच?" त्या विचारण्यात कधी आनंद असतो, कधी भीती असते, कधी थोडा अहंकारही असतो. म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

शास्त्राच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पाहू. पहिला पक्ष म्हणतो, अनुभव सर्वांना एकच. साखर कोणीही खाल्ली तरी गोडच लागणार. ग्रंथाचा सिद्धांत एक आणि त्याचे फळही एक; तुला निराळे वाटले असेल तर तुझ्या वाचण्यात खोट आहे. दुसरा पक्ष म्हणतो, अनुभव प्रत्येकाचा स्वतंत्र. शब्द ज्या मनावर पडतो ते मन निराळे, त्याचे संस्कार निराळे, दुःखे निराळी. म्हणून दोघांनी एकच ओवी वाचली, हे म्हणणेच फोल.

दोन्ही पक्ष शेवटपर्यंत ओढले की तुटतात. पहिला खरा मानला, तर एकदा पारायण केलेल्याने दुसऱ्यांदा कशाला बसावे? विशीत वाचलेला बारावा अध्याय सत्तरीत नवा का वाटावा? माणूस तोच, ओवी तीच, तरी अनुभव दुसरा. साखरेचा दृष्टांतही इथे तोकडा पडतो. अंगात ताप असला की साखरसुद्धा कडू लागते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. आणि दुसरा पक्ष खरा मानला, तर कीर्तन कशासाठी? बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्याच्या आत पोचतच नसेल, तर टाळकरी मागे उभे राहतात कशाला? चरित्रातल्या एकाच ठिकाणी शेकडो माणसांचे डोळे एकदम कसे भरून येतात?

ही गाठ सुटावी म्हणून दोन वस्तू आधी वेगळ्या करू. एक अर्थ आणि दुसरा अनुभव. आपण बोलताना या दोन्ही एकत्र कालवतो आणि भांडण तिथेच सुरू होते.

अर्थाचे आधी पाहू. अंबरनाथचे शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वालधुनीच्या काठचे ते शिलाहारांच्या काळातले देऊळ. तिथल्या शिलालेखातला शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 782 असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा 982 असा वाचला, आणि आज मंदिराचा काळ शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असाच धरतात. दोघेही थोर विद्वान, दोघांचीही दृष्टी जाणती. तरी आकडा दोघांच्या दोन परींनी खरा ठरला नाही. दगडावर जे कोरले आहे ते एकच आहे, आणि कोणाचे वाचन त्याला धरून आहे हे तपासता येते. "मला 782 असा अनुभव आला," असे तिथे म्हणून चालत नाही.

ग्रंथाच्या अर्थाचेही तसेच. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला मीमांसकांनी सहा खुणा सांगितल्या आहेत. आरंभ आणि शेवट यांचा मेळ, पुन्हा पुन्हा आलेले सांगणे, अपूर्वता, फळ, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले आणि ते 1915 साली प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या आचार्यांपेक्षा निराळे तात्पर्य त्यांनी मांडले, पण मांडताना हीच कसोटी सर्वांसमोर ठेवली. त्यांचा अर्थ कोणाला पटो वा न पटो. "मला असे वाटते म्हणून हे खरे," असे ते म्हणाले नाहीत. अर्थ हा चावडीवरचा विषय आहे. तो चारचौघांत मांडावा लागतो, त्याला शंका घेता येते आणि त्याचे उत्तर द्यावे लागते.

त्या सहा खुणांतली 'अपूर्वता' ही गंमतीची आहे. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते असे जे ग्रंथ सांगतो, ती त्याची अपूर्वता. म्हणजे शास्त्रकारांनी अपूर्वपणाचा मान ग्रंथाला दिला, वाचकाला दिला नाही. मग वाचकाच्या वाट्याला काय उरले?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पारायणाला एक बाई बसत असत. त्यांचा तरुण मुलगा रेल्वेच्या अपघातात गेला होता. दुसरा अध्याय झाला त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "इथे अर्जुन रडतोय ना, त्याला माऊलींनी किती वेळ रडू दिलंय. मला वाटलं, मलापण रडायची परवानगी मिळाली." शेजारी एक जाणते गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "अहो ताई, हा अध्याय शोक करू नये हे सांगण्यासाठी आहे. आत्म्याला मरण नाही, हे त्याचं सार. तुम्ही उलटंच घेतलंत." गृहस्थांचे शास्त्र बिनचूक होते. पण दुसऱ्या दिवशी बाईंची जागा रिकामी राहिली.

पुढे त्या देवळाबाहेर भेटल्या आणि म्हणाल्या, "महाराज, मी चुकीचं वाचलं का हो?" मी म्हणालो, "माऊली, अर्थ ते म्हणाले तोच आहे. पण तुम्ही अर्थ सांगितलाच नव्हता. वाचताना तुमचं काय झालं ते सांगितलंत. त्यात चूक कसली? आणि देवानं गीता सांगितली ती डोळे भरून आलेल्यालाच सांगितली. कोरड्या डोळ्यांनी उभे असलेले रणांगणावर पुष्कळ होते." त्या पुन्हा पारायणाला बसू लागल्या. दुःख गेले असे मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

वाचकहो, या प्रसंगात काय पणाला लागले होते ते ध्यानात घ्या. अर्थाच्या काठीने अनुभवाला मारले की माणूस ग्रंथापासून तुटतो. त्या बाईंनी दुसऱ्या अध्यायाचा सिद्धांत बदलला नव्हता. त्या सिद्धांताच्या दाराशी त्या पोचल्या होत्या, आणि दार कोणत्या बाजूने उघडले तेवढे सांगत होत्या. ती बाजू त्यांचीच होती. तो मुलगा त्यांचा, ते घर त्यांचे, ती संध्याकाळ त्यांची. त्या वाटेने दुसरे कोणी त्या ओवीपर्यंत आले नव्हते आणि येणारही नाही. एवढ्यापुरता वाचकाचा अनुभव एकमेव असतो, हे मी निःशंकपणे म्हणेन.

संतचरित्रात याची साक्ष आहे. बहिणाबाई कोल्हापुरात होत्या तेव्हा जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. त्या कीर्तनाला बसलेले इतर श्रोतेही तेच शब्द ऐकत होते. ऐकून ते आपापल्या घरी गेले, जेवले, झोपले. बहिणाबाईंना मात्र तुकोबांचा असा ध्यास लागला की, प्रत्यक्ष भेट होण्याआधी स्वप्नात त्यांच्याकडून उपदेश मिळाला. घरातून विरोध झाला, ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्र गुरू करावा हे पतीला सोसवले नाही, तरी तो अनुभव पुसला गेला नाही. पुढे आत्मचरित्राच्या अभंगांत त्यांनी तो स्वतः सांगितला. अभंग सर्वांचे होते. जे झाले ते त्यांचे झाले.

पण इथेच थांबलो तर दुसऱ्या पक्षाला जिंकू दिल्यासारखे होईल. म्हणून आता उल्हासनगरकडे वळू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी कल्याणजवळ वसली आणि 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार, शेतीवाडी, नात्यागोत्याची माती मागे टाकून ही माणसे आली. त्यांच्यात गुरू नानकांना मानणारी घराणी पुष्कळ, आणि त्यांच्या दरबारांत गुरू ग्रंथसाहेबाचे वाचन चालते. त्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची 61 पदे आहेत. नामदेवरायांनी पंजाबात नामाचा प्रसार केला, घुमान गावी त्यांचे स्थान आहे, हे आपण जाणतो. त्या पदांत आपला विठ्ठल 'बीठल' होऊन आला आहे.

म्हणजे पाहा, रुळाच्या एका बाजूला वारकरी मराठीतून नामदेवरायांचा अभंग म्हणतो. दुसऱ्या बाजूला सिंधी माणूस गुरुमुखीतल्या ग्रंथातून त्याच नामदेवांचे पद ऐकतो. एकाची पंढरी शे-दोनशे कोसांवर आहे, दुसऱ्याचे गाव परमुलखात गेले आहे. भाषा निराळी, चाल निराळी, दुःख निराळे. दोघांना वाचनात येणारा अनुभव सर्वस्वी निराळाच असता, तर दोघांचे हात एकाच वेळी जोडले गेले नसते. मी कीर्तनात नामदेवरायांचे देवाशी भांडणे सांगितले की श्रोत्यांत बसलेले सिंधी गृहस्थही आमच्या माळकऱ्यांबरोबरच मान डोलावत. त्यांना मराठी पुरते कळत होते असे नाही. पण देवाशी असे हक्काने भांडता येते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. वाट निराळी होती, मुक्काम ओळखीचा होता.

तेव्हा सिद्धांत असा : वाचकाचा अनुभव येण्याच्या वाटेने एकमेव असतो, आणि पोचण्याच्या ठिकाणी सर्वांचा असतो. पंगतीत पातेले एकच असते, भूक प्रत्येकाची आपली असते. उपाशी माणसाच्या पहिल्या घासाची चव दुसऱ्याला कळणार नाही. पण म्हणून पातेले त्याचे होत नाही, आणि तृप्तीची ढेकर काही त्याने नव्याने शोधून काढलेली नसते.

यावर कोणी शंका घेईल की, असे आहे तर स्वतःच्या अनुभवाचे करायचे काय? तो लपवायचा का मिरवायचा? याचे उत्तर नाथबाबांनी स्वतःच्या वागण्याने देऊन ठेवले आहे.

माऊलींनी नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत नकला होता होता पाठ बिघडले. लिहिणाऱ्यांचे हात चुकले, कोणी आपल्या समजुतीने शब्द फिरवले, कोणी आपल्या ओव्याही घातल्या. मग नाथांना तो अनुभव आला. परंपरा सांगते की त्यांचा घसा दुखू लागला, स्वप्नात माऊली आल्या आणि म्हणाल्या, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. आता याहून खासगी अनुभव कोणता असेल? घसा नाथांचा, स्वप्न नाथांचे, हाक त्यांच्या एकट्याच्या नावाने. त्यांनी मनात आणले असते तर या अनुभवावर स्वतःचा नवा पंथ उभा केला असता. त्यांनी काय केले? ते आळंदीला गेले, आणि शके 1506 मध्ये, इसवी सन 1584 साली, अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. वर पुढच्यांना बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये.

आणि हे सांगणारे कोण? नाथांना ओव्या येत नव्हत्या असे नाही. त्याआधी शके 1495 मध्ये काशीला त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची प्रचंड टीका पुरी केली होती. ज्याच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे इतके होते, त्याने ते स्वतःच्या ग्रंथात सांगितले. माऊलींच्या ग्रंथात त्यांनी आपले काही मिसळले नाही. एकट्याला आलेल्या अनुभवाचे फळ म्हणून सर्वांना शुद्ध पोथी मिळाली. आज तुम्ही आम्ही ज्या ज्ञानेश्वरीचे पारायण करतो, तिच्यामागे नाथांचा तो दुखरा घसा आहे.

खुद्द माऊलींचे वागणेही असेच. गीतेचे श्लोक 700, त्यावर त्यांनी नऊ हजार ओव्या सांगितल्या. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे विस्ताराने वर्णन आहे, तितके मूळ श्लोकांत नाही. ते नाथपंथातून, गुरुकृपेतून, स्वतःच्या अनुभवातून आले. तरी "हा माझा शोध" असे त्यांनी कुठे म्हटले नाही. सगळे श्रेय निवृत्तिनाथांच्या पायी ठेवले. पुढे अमृतानुभव निराळा सांगितला. टीका ती टीका, अनुभव तो अनुभव. दोहोंची कोठारे वेगळी ठेवली आणि दोहोंची दारे जगासाठी उघडी टाकली.

वाचकहो, यावरून आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? पारायणात काही जाणवले, तर ते अनुभव म्हणूनच सांगा. "मला असे झाले" म्हणा. "या ओवीचा अर्थच असा" असे म्हणायचे असेल, तर मागचा-पुढचा संदर्भ पाहा, जाणत्याला विचारा, मग बोला. समर्थांनी शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती अशा तीन प्रतीती सांगितल्या आहेत. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत आपल्या एकट्याच्या प्रतीतीवर दुसऱ्याला चालवू नका. "माऊलींनी मलाच सांगितले," असे म्हणत चार भाबडी माणसे गोळा करणारे पूर्वीही होते, आजही आहेत. अनुभव खरा का खोटा हे बाहेरून कळणे अवघड असते, पण त्याची दिशा कळते. अनुभवानंतर माणूस दुसऱ्याच्या पाया पडू लागला, तर दिशा पंढरीची. दुसऱ्यांनी आपल्या पाया पडावे असे वाटू लागले, तर गाडी उलट्या बाजूची पकडली आहे.

दुसऱ्याचा अनुभव ऐकताना कान मोठा आणि जीभ लहान ठेवा. शेजारचा वाचक जे सांगतो ते शास्त्राला सोडून वाटले, तर आधी पाहा की तो अर्थ सांगतो आहे का आपले मन सांगतो आहे. मन सांगत असेल तर दुरुस्त करू नका. एखाद्याचे ग्रंथाशी जुळलेले नाते तोडण्याचे पाप एका वाक्यात होते, आणि ते पुन्हा जोडायला पुष्कळ दिवस लागतात.

आणि ज्यांना काहीच अनुभव येत नाही त्यांनी खंत करू नये. "सगळ्यांचे डोळे भरतात, माझे कोरडे का," असे तरुण मुले विचारतात. अरे बाबा, डोळ्यांतले पाणी हे काही अनुभवाचे माप नव्हे. रात्रपाळी करून पहाटे काकड्याला उभा राहणारा, झोपेने डुलत का होईना नेमाचे वाचन न चुकवणारा, त्याच्या आत ग्रंथ आपले काम करीत असतो. पेरलेले रोज उकरून पाहायचे नसते. पाऊस ज्याचा त्याच्या शिवारात ज्याच्या त्याच्या वेळेला पडतो.

शेवटी पसायदान आठवा. मागणे माऊलींनी स्वतःच्या वाणीयज्ञाच्या बदल्यात मागितले. यज्ञ त्यांचा, श्रम त्यांचे, अनुभव त्यांचा. मागितले मात्र सर्वांसाठी, दुष्टांनासुद्धा न वगळता. आपला अनुभव एकमेव आहे का, या प्रश्नाची मला वाटणारी खरी कसोटी हीच. तो माझ्या एकट्याच्या वाटेने आला असेल तर आनंद आहे. पण माझ्यापाशी येऊन तो तिथेच थांबला, तर त्याला अजून पुष्कळ चालायचे आहे.

रामकृष्णहरी.